बडोद्यात टीपी पडली? ‘टाउन प्लॅनर’ म्हणजे नेमकं कोण, ते आधी समजून घ्या

बडोद्याच्या कडेला, म्हणजे भायली, सेवासी, बिल, वेमाली अशा भागात ज्याची जमीन आहे किंवा ज्याला घ्यायची आहे, त्याच्या कानावर कधी ना कधी हे वाक्य येतंच: ‘तिथे टीपी पडली आहे, टाउन प्लॅनरला भेटून घ्या.’ टीपी म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम, नगररचना योजना. सांगणारा सहज सांगून जातो. ऐकणारा फाइल काखोटीला मारून निघतो आणि या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. कारण बडोद्यात हा एकच शब्द चार वेगवेगळ्या माणसांसाठी वापरतात. चौघांचे अधिकार वेगळे आणि त्यांच्याकडे जाण्याची वेळही वेगळी. माणूस बरोबर पण टप्पा चुकीचा, असं झालं तरी काम होत नाही.

आमच्या घरची सामाईक जमीन टीपीत गेली तेव्हा या चौघांशीही गाठ पडली. महाराष्ट्रातून नव्याने इथे आलेल्यांना, आणि दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या ज्या जुन्या घरांची आजोबांच्या नावची जमीन अजून सातबाऱ्यावर आहे त्यांना, ही माहिती एका जागी मिळावी म्हणून लिहीत आहे.

१. चार माणसं वेगळी करा

पहिला नगर नियोजक. सरकारी पदांची गुजराती नावं हीच आहेत: नगर नियोजक, वरिष्ठ नगर नियोजक, मुख्य नगर नियोजक. हे राज्याच्या नगर नियोजन खात्याचे अधिकारी. काही जण वुडात, म्हणजे वडोदरा शहरी विकास प्राधिकरणात, किंवा महापालिकेत नेमणुकीवर असतात. शहराचा विकास आराखडा, जमिनीचे झोन, नव्या योजनेचा मसुदा हे त्यांचं क्षेत्र. प्राधिकरणाला, म्हणजे टीपी करणाऱ्या वुडाला किंवा महापालिकेला, टीपी करण्याचा इरादा जाहीर करण्याआधी मुख्य नगर नियोजकांशी सल्लामसलत करावी लागते.

दुसरा नगर रचना अधिकारी, म्हणजे टाउन प्लॅनिंग ऑफिसर, बोलण्यात ‘टीपीओ’. गोंधळ होतो तो इथे. महाराष्ट्रात ‘नगररचना’ म्हटलं की पूर्ण खातं डोळ्यांपुढे येतं आणि ‘नगररचनाकार’ म्हणजे त्या खात्यातला नियोजक. गुजरातेत नगर रचना अधिकारी हा एका ठराविक योजनेसाठी राज्य सरकारने नेमलेला, सुनावणी घेऊन निर्णय देणारा अधिकारी असतो. महाराष्ट्राच्या १९६६ च्या कायद्यात हे काम लवाद करतो. तुमच्या प्लॉटचा आकार, जागा आणि हिशेब यांवर सही याचीच असते. नोटीस आली की ती कोणाची आहे हे पाहताना ‘नगर’ शब्दावर थांबू नका, पुढचा शब्द वाचा.

तिसरा खासगी नियोजक. नियोजनाची पदवी घेतलेला, सल्ला देणारा.

चौथा खरं तर प्लॅनर नाहीच. तो आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर, जो तुमच्या घराचा नकाशा पास करून आणतो. लोक त्यालाही ‘आमचे प्लॅनर’ म्हणतात. गुजरातच्या २०१७ च्या बांधकाम नियमावलीप्रमाणे परवानगीच्या अर्जावर त्याची नोंदणीकृत व्यक्ती म्हणून सही लागते. टीपीच्या सुनावणीत मात्र या सहीला काही वेगळं वजन नाही.

२. टीपी म्हणजे काय, एवढं तरी पक्कं करा

मुंबई प्रांतात १९१५ साली नगररचनेचा कायदा झाला, तिथपासून ही पद्धत चालत आली आहे. आज लागू आहे तो गुजरात नगररचना व शहरी विकास कायदा, १९७६. तो अमलात आला १९७८ मध्ये, आणि वुडाही त्याच वर्षीचं.

कल्पना अशी: शेतांचे वेडेवाकडे तुकडे एकत्र करायचे, त्यांतून रस्ते, बागा, शाळा यांची जागा काढायची आणि उरलेली जमीन नीट आखून त्याच मालकांना परत द्यायची. तुमच्या जुन्या तुकड्याला म्हणतात मूळ खंड, बोलण्यात ओपी. परत मिळणारा तो अंतिम खंड, म्हणजे एफपी. दोन्हींमधला फरक म्हणजे ‘कपात’.

कपात किती? कायद्यातच प्रमाण दिलं आहे: रस्त्यांसाठी १५ टक्के, बागा-मैदानांसाठी ५ टक्के, शाळा-दवाखाना अशा सामाजिक सोयींसाठी ५ टक्के, आणि प्राधिकरणाला विकण्यासाठी १५ टक्के, म्हणजे एकूण ४० टक्क्यांपर्यंत. तेव्हा हजार चौरस मीटरच्या मालकाने सहाशे धरूनच चालावं. ‘आमच्याकडे कपात नाही’ असं सांगून कोणी जमीन विकत असेल, तर ते कागदावर दाखवायला सांगा.

३. तुमची योजना कुठल्या टप्प्यावर आहे ते शोधा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. टप्पा कळला की कोणाला भेटायचं ते आपोआप कळतं.

*इरादा जाहीर झाला आहे.* इथपासून परवानगीशिवाय बांधकाम बंद. कुंपणाची भिंत घालायची असली तरी आधी विचारा. या काळात प्राधिकरण मालकांची सभा बोलावतं, तिला सगळे ‘ओनर्स मीटिंग’ म्हणतात. तिथे नकाशा भिंतीवर लावतात आणि तात्पुरता प्रस्ताव समजावून सांगतात. या सभेला जाच. बदल करून घेणं सर्वांत सोपं असतं ते इथे, कारण अजून काहीच छापलेलं नसतं. इथे बोलायचं ते प्राधिकरणाशी आणि त्याच्या नगर नियोजकांशी.

*मसुदा प्रसिद्ध झाला आहे.* प्रसिद्धीपासून १ महिन्यात लेखी हरकत द्यायची, तीही प्राधिकरणाकडेच. या दिवसांत टीपीओला शोधत फिरू नका, त्याची अजून नेमणूकच झालेली नसते.

*सरकारने मसुदा मंजूर केला आहे.* आता टीपीओ येतो. तो योजनेचे दोन भाग करतो: प्राथमिक योजना, ज्यात जमिनीचे प्रश्न, आणि अंतिम योजना, ज्यात पैशाचे. लक्षात ठेवा, मसुदा मंजूर होताच रस्त्यांखालची जमीन प्राधिकरणाकडे जाते. म्हणून सुनावणी चालू असतानाच जमिनीतून रस्ता काढायला यंत्रं आलेली दिसतील. ती बेकायदा नसतात.

*प्राथमिक योजना मंजूर झाली आहे.* जुन्या मूळ खंडांवरचे हक्क संपले, नवे अंतिम खंड अस्तित्वात आले. आता टीपीओकडे प्लॉट सरकवून मागण्यात अर्थ नाही.

टप्पा कळायचा कसा? गाव, सर्व्हे नंबर आणि योजनेचा नंबर घेऊन प्राधिकरणाच्या टीपी शाखेत विचारा. आता प्राधिकरण कोणतं? गाव महापालिकेच्या हद्दीत असेल तर खंडेराव मार्केटमधली महापालिका, बाहेर असेल तर कारेलीबागेतलं वुडा. मेख अशी की २०२० मध्ये भायली, सेवासी, बिल अशी गावं महापालिकेत आली, पण काही योजना त्याआधी वुडाने सुरू केलेल्या. तेव्हा फाइल सध्या कोणाकडे आहे ते दोन्हीकडे विचारून घ्या, आणि उत्तर लेखी मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

४. एफ फॉर्म वाचायला शिका

एवढं एक शिकलात तरी निम्मी लढाई जिंकलात असं मी म्हणेन. एफ फॉर्म म्हणजे योजनेतल्या प्रत्येक प्लॉटचा ताळेबंद: मालकाचं नाव, सर्व्हे नंबर, मूळ खंडाचं क्षेत्र आणि किंमत, अंतिम खंडाचं क्षेत्र आणि किंमत, आणि शेवटी तुमच्याकडून येणं किंवा तुम्हाला देणं. तो गुजरातीत असतो आणि रकाने इतके की डोळे फिरतात. म्हणून एक उदाहरण मांडतो. आकडे समजण्यापुरते आहेत.

मूळ खंड १,००० चौरस मीटर, दर ४,००० रुपये. किंमत ४० लाख.
अंतिम खंड ६०० चौरस मीटर. जुन्याच दराने, म्हणजे सुधारणा न धरता, किंमत २४ लाख. म्हणजे १६ लाखांची जमीन गेली. ही तुमची भरपाई.
आता रस्ते-गटारं झाल्यावर त्याच ६०० मीटरचा दर १०,००० धरला, तर किंमत ६० लाख. २४ वरून ६०, म्हणजे ३६ लाखांची वाढ.
या वाढीच्या निम्म्यापर्यंत रक्कम योजनेच्या खर्चासाठी मालकाकडून घेता येते. निम्मे म्हणजे १८ लाख.
१८ मधून तुमचे १६ वजा केले, उरले २ लाख. ते तुम्ही भरायचे.

लोक विचारतात, जमीन गेली आणि वर पैसेही आम्हीच द्यायचे? गणित हे असं आहे. हातात भरपाईचा चेक क्वचितच येतो, कारण ती वाढीव किमतीच्या वर्गणीत वळती होते. आणि दर धरतात ते इरादा जाहीर झाला त्या तारखेचे. योजना वर्षानुवर्षं रेंगाळली तरी तारीख तीच. म्हणून आजच्या बाजारभावाचे कागद घेऊन सुनावणीत भांडण्यापेक्षा त्या तारखेच्या आसपासची, शेजारच्या सर्व्हे नंबरांची खरेदीखतं शोधून न्या. त्यांना वजन असतं.

एफ फॉर्ममध्ये नाव, सर्व्हे नंबरचा पोटहिस्सा आणि क्षेत्र तीनदा तपासा. सातबाऱ्यावर एक क्षेत्र, मोजणीत दुसरं आणि एफ फॉर्ममध्ये तिसरं, असं सर्रास असतं.

५. सुनावणीची फाइल

टीपीओची नोटीस आली की ही फाइल तयार हवी:

- ताजा सातबारा आणि ८-अ. ‘एनी आरओआर’ या गुजरातच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर पाहता येतात, पण सुनावणीला सही-शिक्क्याची किंवा डिजिटल सहीची प्रत न्या.
- गाव नमुना ६, म्हणजे हक्कपत्रकातल्या सगळ्या नोंदी, अगदी जुन्यासुद्धा.
- खरेदीखत आणि इंडेक्स टू.
- वारस असतील तर पेढीनामा. आपल्याकडची वंशावळ.
- बिनखेतीचा, म्हणजे आपल्याकडच्या बिनशेतीचा, हुकूम असेल तर तो.
- जमीन मोजणी खात्याचा मोजणी नकाशा.
- जुनं बांधकाम असेल तर रजा चिठ्ठी (बांधकामाची परवानगी), घरपट्टी, वीजबिल, विहीर-बोअरचे फोटो. बांधकामाची नोंद झाली नाही तर नव्या प्लॉटची रेघ घरावरून जाऊ शकते.
- स्वतः जाणार नसाल तर मुखत्यारपत्र.
- योजनेच्या नकाशातला तुमच्या प्लॉटचा भाग, ‘पार्ट प्लॅन’. हा प्राधिकरणाकडे अर्ज करून मिळतो.

सगळं म्हणणं लेखी द्या, गुजरातीत द्या, आणि प्रतीवर आवक शिक्का घ्या. गुजराती लिहिता येत नसेल तर कचेरीबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्याकडून लिहून घ्या, पण सही करण्याआधी एखाद्या जाणत्या शेजाऱ्याकडून वाचून घ्या. तोंडी आश्वासन कितीही प्रेमाने दिलेलं असलं तरी निर्णयात ते नसतं.

६. टीपीओकडे काय मागायचं आणि काय नाही

मागता येतं: अंतिम खंड शक्यतो मूळ जागीच मिळावा, रस्त्याला लागून मिळावा, आकार बांधता येईल असा असावा, उभं घर वाचावं, क्षेत्रातली चूक सुधारावी.

मागता येत नाही: मालकीचा निवाडा. टीपीओ हक्क ठरवत नाही, तो महसुली नोंदीप्रमाणे चालतो. भावकीतला दावा असेल तर त्याची जागा दिवाणी न्यायालय.

इथे जुन्या मराठी घरांना कळकळीने सांगावंसं वाटतं. सातबाऱ्यावर अजून पणजोबांचं नाव, खाली पंधरा वारस, निम्मे पुण्या-मुंबईला, कोणी परदेशात. अशा सामाईक नंबराला बहुधा एकच सामाईक अंतिम खंड मिळतो. मग तो विकता येत नाही, त्यावर कर्ज मिळत नाही आणि एका भावाच्या नकारावर सगळं अडतं. वेगळे खंड हवे असतील तर वाटणी आधी महसुली दफ्तरी चढलेली हवी. इरादा जाहीर झाल्याची बातमी कानावर येताच काका, आत्या, चुलत भावंडं सगळ्यांना फोन करा, वारस नोंद करून घ्या आणि वाटणीचा कागद करा. सुनावणीच्या दिवशी हे जमत नाही.

७. निर्णय पटला नाही तर

प्लॉटची जागा आणि आकार यांवर टीपीओचा निर्णय कायद्याने अंतिम मानला आहे. त्यावर अपील मंडळ नाही, मोठा अन्याय असेल तर उच्च न्यायालयच. भरपाई, वर्गणी अशा पैशाच्या मुद्द्यांवर मात्र निर्णय कळवल्यापासून १ महिन्याच्या आत अपील मंडळाकडे जाता येतं. म्हणून निर्णयाचं पाकीट आलं की त्यावर मिळाल्याची तारीख लगेच लिहून ठेवा.

८. खासगी प्लॅनर निवडताना

‘आर्किटेक्ट’ ही पाटी कोणीही लावू शकत नाही. १९७२ च्या कायद्याने त्यासाठी वास्तुकला परिषदेची नोंदणी लागते. ‘टाउन प्लॅनर’ या पाटीला असं कायदेशीर संरक्षण नाही. नीती आयोगाने २०२१ मध्ये नियोजकांसाठी राष्ट्रीय परिषद असावी अशी शिफारस केली, ती याच उणिवेमुळे. तेव्हा पारख आपणच करायची.

विचारा: पदवी कुठली? बी. प्लॅन किंवा एम. प्लॅन, अहमदाबादचं सेप्ट, दिल्ली किंवा भोपाळचं नियोजन विद्यालय, अशा ठिकाणची असू शकते. १९५१ साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स इंडियाचं सदस्यत्व आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, गुजरातेत किती टीपींच्या सुनावणीला स्वतः उभे राहिला आहात? मुंबई-पुण्याच्या नियमांत मुरलेला माणूस इथल्या एफ फॉर्मपुढे अडखळू शकतो, कारण कायदाच वेगळा.

पदवी हीच सगळी कसोटी नाही, हेही खरं. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१६ साली, बडोद्याच्या विस्तारावर अहवाल लिहिणारे पॅट्रिक गेडीस मूळचे जीवशास्त्रज्ञ होते. पण ते गल्ल्यांतून पायी फिरून शहर समजून घेत. तुमचा सल्लागार प्रत्यक्ष जमिनीवर यायला तयार आहे का, एवढं नक्की पाहा. नकाशावरूनच सल्ला देणाऱ्याला शेताच्या बांधावरची विहीर दिसत नाही.

‘साहेब ओळखीचे आहेत, एफपी पुढच्या रस्त्याला लावून देतो’ असं म्हणून आगाऊ रक्कम मागणाऱ्यापासून चार हात दूर राहा. अंतिम खंड बदलला तर शेजारच्याचाही बदलतो, आणि त्यालाही नोटीस जाते. गुपचूप असं काही होत नाही.

९. टीपीतला प्लॉट विकत घेताना

जाहिरातीत ‘एफपी नंबर’ लिहिलेला असला की प्लॉट पक्का असं समजू नका. मसुद्यातला एफपी तात्पुरता असतो. टीपीओच्या हातून त्याची जागा, क्षेत्र, दोन्ही बदलू शकतात. खरेदीखतात मूळ सर्व्हे नंबर, मूळ खंड आणि अंतिम खंड असे तिन्ही नंबर आणि दोन्ही क्षेत्रं लिहून घ्या, आणि पुढे क्षेत्र कमी-जास्त झालं तर पैशाचं काय, याचं कलम घाला.

झोनिंग सर्टिफिकेट स्वतः काढा, विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. प्लॉटवर प्राधिकरणाचं आरक्षण आहे का, हे पार्ट प्लॅनवर पाहा.

आणि बेटरमेंट. वर सांगितलेली ती वर्गणी अंतिम योजनेनंतर मागितली जाते आणि ती भरायची असते त्या वेळच्या प्लॉटमालकाने. तुम्ही आज घेतलेल्या प्लॉटवर काही वर्षांनी मागणीची नोटीस आली, तर जुना मालक हात वर करील. ती कोण भरणार, हे खरेदीखतात स्पष्ट लिहा.

१०. मंजुरीनंतर

प्राथमिक योजना मंजूर झाल्यावर अंतिम खंडाची आखणी करून ताबा देण्यासाठी प्राधिकरणाकडे अर्ज करा. मोजणीच्या दिवशी शेजारच्या दोन्ही बाजूंच्या मालकांना हजर ठेवा, खुणेचे दगड पुरताना फोटो घ्या आणि ताब्याच्या पावतीवर क्षेत्र लिहिलं आहे का ते पाहूनच सही करा. महसुली दफ्तरात नवा नंबर आपोआप चढेल अशी वाट पाहू नका, त्यासाठीही पाठपुरावा लागतो. नव्या कागदावर अंतिम खंडाचा नंबर आणि सगळ्या वारसांची नावं बरोबर आहेत हे पाहिल्यावरच आर्किटेक्टला रजा चिठ्ठीचा अर्ज भरायला सांगा.